हरले म्हणा, मंग सांगते

"हरले म्हणा! हरले म्हणा, मंग सांगते!"

वेणूचा तो आवाज अजून माझ्या कानात टिपरीसारखा वाजतो. झाकलेला पितळी डबा दोन्ही कोपरांनी पोटाशी आवळून ती आमच्या ओसरीवर गोल गोल फिरायची, आणि पलीकडच्या बाजारपुऱ्याच्या पोरी तिच्याभोवती भुंग्यांसारख्या गुणगुणायच्या.

"करंज्या!"

"नाई!"

"डबा वाजव मंग! वाजव वं!"

वेणू डबा कानाशी नेऊन हलवायची. आतून आवाज म्हणून नाही.

"वाजत नाई म्हणजे शिरा!"

"नाई!"

"आंबट का गोड, तेवढं तं सांग."

"दोन्ही."

"असं असते काय कुठं? हे खोटारडी हाय!"

"भुलाबाईसमोर खोटं बोलीन काय मी? हरले म्हणा!"

त्या दिवशीही शेवटी बाजारपुऱ्याची म्होरकी पमी पाय आपटून म्हणाली, "हरलो बापा, हरलो!" तशी वेणूनं झाकण उघडलं. आत गुळात मळलेलं बोरकूट होतं. आमच्या गल्लीनं असा कल्ला केला की समोरच्या निंबावरचे पोपट उडाले.

वऱ्हाडात भादव्याच्या पुनवेला भुलाबाई बसते, महिनाभर राहते आणि कोजागिरीला जाते. मातीची ती, तिचा भुलोजी, मांडीवर एक लेकरू. रोज दिवेलागणीला पोरी तिच्यापुढं टिपऱ्या खेळतात, सासर-माहेरची गाणी म्हणतात, आणि मग खिरापत ओळखतात. हा खेळ साधा असला तरी त्याचा नेम कडक. समोरचा हरलो म्हणेस्तोवर डबेवालीनं तोंडातून खिरापतीचं नाव काढायचं नाही. आणि समोरचा एकदा हरलो म्हणाला की मग दडवायचं नाही, सांगावंच लागायचं. नाही सांगितलं तर भुलाबाई रुसते.

डबा धरायचा मान आमच्या गल्लीनं वेणूला दिला होता. तिच्या पोटात गोष्ट राहायची. आमच्यातल्या बेबीच्या पोटात राहत नसे, ती नुसत्या हसण्यानंच सांगून टाकायची. माझंही तसंच. वेणू मात्र दहाच वर्षांची, काडीसारखी, पण तिच्या तोंडावरून कोणाला काही कळायचं नाही.

तिच्या घरी मात्र भुलाबाई बसली नव्हती. गल्लीच्या टोकाला, बंद पडलेल्या कापसाच्या जिन-गिरणीच्या भिंतीला लागून तिची खोली. जिन बंद पडल्यावर तिचे बाबा सुरतेला कामाला गेले आणि घरी तिची आई सरूकाकू, वेणू आणि कडेवरची तिची बहीण ठमी एवढ्याच राहिल्या. ते दार सदा लावलेलं. सरूकाकू कोणाकडं जायची नाही, कोणाला ये म्हणायची नाही. तिच्या माहेराहून कधी कोणी आलेलं आम्ही पाहिलं नव्हतं. ठमी मात्र रडायची. दुपारी रडायची, संध्याकाळी रडायची, भिंतीला कान न लावताही ऐकू यायची.

तसं एकदा सरूकाकू आमच्या दाराशी आली होती, वाटी घेऊन, विरजण मागायला. माझ्या मायनं विरजण दिलं. तरी ती उभीच. माय म्हणाली, "अजून काही पाहिजे काय?" चुलीवर भाकर होती, म्हणून मायची मान अर्धी आत वळलेली. सरूकाकू म्हणाली, "नाई, सहजच," आणि वाटी पदराखाली झाकून गेली.

मला हे सगळं नंतर आठवलं. तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं: कोजागिरी! बोरकूट खाऊन जाता जाता पमीनं बोट नाचवून सांगितलं होतं, "उद्या कोजागिरीले येतो आम्ही! नवं गाणं आणतो, कोणाच्या आजीनं ऐकलं नसंन असं. तुमच्यापाशी हाय काय नवं?"

आणि आम्ही कोणी तोंड उघडायच्या आत वेणू म्हणाली, "हाय."

"कोणाचं?"

"माहं. मीच जोडलं."

कोजागिरीच्या दुपारी आमच्या ओसरीवर नुसती धांदल. कोणी भुलाबाईच्या लेकराला नवी कुंची शिवतंय, कोणी मखरासाठी झेंडूच्या माळा ओवतंय. माय एका बाजूला सूप घेऊन ज्वारी पाखडत बसली होती. शेजारची सिंधूकाकू खांबाला टेकून सुपारी कातरत, कोणाची टिपरी चुकते ते बघत होती.

"म्हण वं तुहं गाणं," बेबी म्हणाली. "बाजारपुऱ्याचं नाक कापायचं हाय."

आम्ही गोल केला. वेणूनं टिपरी डाव्या हातात घेतली.

"डावखुरी कधीपासून झाली?" मी विचारलं.

"आजपासून," ती म्हणाली, आणि उजवा हात मुठीतच ठेवून गाऊ लागली. आवाज कसा, नव्या मडक्यातल्या पाण्यासारखा:

*चूल पेटली भडाभडा, उलथनं झालं लाल ग,*
*सासू म्हणे, नाचरे पोरी, पुढं कर गाल ग.*
*गाल नको सासूबाई, गाल लोक पाहतात,*
*पोटरीले डाग द्या, परकरात राहतात.*

"अगं माय माय!" सिंधूकाकूनं अडकित्ता मांडीवर आपटला. "काय जोडलं वं पोट्टीनं! अस्सल सासर!"

आम्ही टिपऱ्या कडाकडा वाजवल्या. बेबी मात्र थांबली. तिला गाण्यात खडा सापडला होता.

"परकरात कशी राहीन? लुगड्यात म्हण! सून काय परकर घालते?"

सगळ्या खो खो हसल्या. "परकर घालून सासरी गेली! बाहुलीचं लग्न हाय काय हे?"

वेणूही हसली, जराशी. "परकरच बसते त्याच्यात. लुगड्यात म्हटलं तं ताल चुकते."

"नाई चुकत. लुगड्यात राहतात. पाय, बसलं!"

"परकरच म्हणीन मी," वेणू म्हणाली. "पुढचं ऐका."

*दार लावलं, कडी घातली, आत अंधार गार ग,*
*भूक लागली सासूबाई... भूक तुही फार ग!*
*भूक बांधून ठेवली मी परकराच्या गाठी ग,*
*अर्धी मले, अर्धी माह्या पाठच्या बहिणीसाठी ग.*

"आता ऐका!" बेबीनं टिपऱ्या खाली टाकल्या. "सासरी पाठची बहीण कुठून आली? नणंद म्हण, नणंद! हिले काही गाणं जोडता येत नाई."

"तालात बसन ते, पण खरं वाटन काय? 'नणंदेसाठी' म्हणू? नणंदेले कोण अर्धं देते वं, बेबे?"

सिंधूकाकू इतकी हसली की सुपारी सांडली. "हे खरं! नणंदेले कोण अर्धं देते!"

त्या हसण्यात एक आवाज बंद झालेला फक्त मला कळला, कारण मी मायच्या जवळ उभी होते. सुपाचा आवाज. पाखडता पाखडता मायचे हात थांबले होते. फोलपटं सुपाच्या तोंडाशी येऊन तशीच राहिली होती.

"वेणू," माय म्हणाली, "पुढचं कडवं?"

"नाई काकू. झालं एवढंच."

"माहेर कुठं हाय तुह्या गाण्यात? भुलाबाईच्या गाण्यात सासर कितीबी कडू असो, शेवटी बाप येते, भाऊ येते, घोडं येते, सून माहेरी जाते. हे कुठं जाते?"

वेणूनं टिपरीकडं पाहिलं. "हे कुठंच नाई जात," ती म्हणाली. "हे तिथंच राहते."

मायनं सुपातली फोलपटं झटकली. मग सूप खाली ठेवून एकदम लगबगीच्या आवाजात म्हणाली, "अवं पोट्ट्यांनो, मखराचे धांडे कोण आणीन? दिवस कलला! बेबी, साऱ्याजणी जा, खंडूभाऊच्या वावरातून ज्वारीचे चांगले हिरवे धांडे आणा. पानं नका तोडू. पळा! सिंधूबाई, तुम्ही पोरींसंगं जा, विळा पोरींच्या हाती नको."

"अन् वेणू?"

"वेणूची वेणी घालते मी. गाणारीनं काय असे झिपरे घेऊन गावं?"

पोरी कल्ला करत गेल्या. ओसरीवर माय, वेणू आणि तेलाची वाटी धरलेली मी. आणि कोनाड्याखाली, लेकरू मांडीवर घेतलेली मातीची भुलाबाई.

मायनं वेणूला पुढ्यात बसवलं. केसांत उवा होत्या, गुंता होता, काही ठिकाणी केस उपटल्यासारखे विरळ होते. माय तेल चोळता चोळता गाण्याच्या सुरात म्हणाली, "वेणू, आज तुह्यापाशी एक डबा हाय. मले दिसून राहिला."

"कुठं?"

"मुठीत. ओळखू काय मी?"

वेणूची पाठ ताठ झाली. पण खेळाचा शब्द निघाला होता, आणि खेळाला ती नाही म्हणत नसे. "ओळखा," ती हळूच म्हणाली.

"पडली?"

"नाई."

"चुलीतून निखारा उडला?"

"नाई."

"कंदिलाची काच लागली?"

"नाई."

"गाण्यातल्या सुनेले लागलं, तेच लागलं?"

वेणूनं मूठ परकराखाली सरकवली. बाहेर दूर कुठं पोरींचं हसणं ऐकू येत होतं. मायनं वेणीचे तीन पेड धरले आणि तसेच धरून ठेवले.

"हरले मी," माय म्हणाली. "कुंदे, तूबी म्हण."

"हरले," मी म्हणाले. माझा आवाज मलाच चोरासारखा वाटला.

वेणूनं मान वळवली. तिचे डोळे भरले होते, पण त्यात राग होता, कोणी खेळात लबाडी करतं तेव्हाचा. "काकू, मायनं शप्पत घातली हाय. सांगितलं तं माय मरन."

"आईची शप्पत मोठी हाय," माय म्हणाली. घाई न करता, जणू न्याय करायला बसली होती. "पण महिना कोणाचा हाय?"

"भुलाबाईचा."

"भुलाबाई कोण?"

"माय."

"कोणाची?"

"साऱ्यायची."

"मंग तुह्या मायचीबी माय तेच. समोरचा हरलो म्हणला तं सांगायचं, हा नेम तिचा. तिच्यापुढं माणसाची शप्पत लागत नाई. सांगितल्यानं तुही माय मरणार नाई, वेणू. मी आहो इथं, भुलाबाई हाय. कोणी मरणार नाई."

वेणू कितीतरी वेळ त्या मातीच्या बाईकडं बघत राहिली. मग उठली, मायच्या गळ्यात डावा हात टाकला, तोंड मायच्या कानाशी नेलं. आणि उजवी मूठ उघडली.

तिनं काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. मी फक्त तळहात पाहिला. आडवी, लांब, ओली लाल रेघ. फोड फुटून कातडं सुरकुतलेलं. आणि मायचा चेहरा पाहिला. माय वेणूला थोपटत होती, थोपटत होती, आणि मधेच तिचा हात थांबला.

"ठमी कुठं हाय आता?" तिनं एकदम विचारलं.

"घरी. मायपाशी."

माय उठली. तेलाची वाटी माझ्या हातून सांडली.

इथं मी जरा थांबते, आणि पुढचं थोडं आधीच सांगते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागायचा नाही. वेणू आज अमरावतीला बालवाडी चालवते. तिथल्या लेकरांना ती डबा वाजवून खाऊ ओळखायला लावते. त्या रात्रीपासून त्या दोघी बहिणी आमच्या घरी राहिल्या. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी वेणूचा हात बरा केला आणि तिच्या अंगावरच्या जुन्या डागांबद्दल, एकेका डागाबद्दल, शांतपणे विचारलं. सुरतेहून तिचे बाबा आले. सरूकाकूला तिची नणंद घेऊन गेली आणि नागपूरच्या दवाखान्यात तिच्यावर औषधपाणी झालं. पुढं कितीतरी महिने ती पोरींना माझ्या मायच्या देखतच भेटायची, मायनं दुसरं काही चालू दिलं नाही. तळहातावरची ती रेघ गेली नाही. वेणू हसून म्हणते, "साऱ्यायची भाग्यरेषा सटवाई आखते, माही उलथन्यानं आखली."

पण त्या दुपारी हे काहीच माहीत नव्हतं. माय पायरी उतरतच होती, तेवढ्यात गल्लीच्या टोकाचं ते सदा लावलेलं दार उघडलं.

"वेणे!" सरूकाकू ठमीला कडेवर घेऊन झपाझपा येत होती. केस सुटलेले, डोळे सुजलेले. "वेणे, घरी चाल! पाणी कोण भरीन, तुहा बाप? चाल म्हणते ना!"

त्याच वेळी दुसऱ्या बाजूनं पोरी धांड्यांचे भारे डोक्यावर घेऊन, गात, किंचाळत आल्या, मागून सिंधूकाकू. लांबून बाजारपुऱ्याच्या टिपऱ्याही वाजू लागल्या होत्या, पमी लवकरच निघाली होती. सगळी गल्ली जत्रेसारखी भरली आणि आमच्या पायरीशी येऊन गप्प झाली, कारण माय पायरीवर आडवी उभी होती.

"वेणू आज इथंच राहते," माय म्हणाली.

"काऊन? माही पोरगी हाय."

"हाव, तुहीच हाय. पण आज इथं राहते."

"कौसाबाई," सिंधूकाकू मायला अडवत मधे पडली, "तिची पोरगी, ते मारीन नाई तं कुरवाळीन. मारल्याबिगर लेकराले वळण लागते काय? दुसऱ्याच्या चुलीत कायले फुंकता?"

"चूल दुसऱ्याची असन, सिंधूबाई. पण तिच्यात जळून राहिलं ते लेकरू हाय." मायनं वेणूचा हात हळूच धरून पुढं केला. "पाय. हे वळण हाय काय?"

सिंधूकाकूनं पाहिलं. डोक्यावरच्या धांड्यांचा भारा तिनं खाली टाकला. बेबीनं पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला, "परकरात," ती पुटपुटली, "परकरात." मग कोणाकडं न बघता ती वेणूशेजारी जाऊन उभी राहिली, तिच्या परकराला आपला परकर लावून.

"चुलीवर पडली ते," सरूकाकू म्हणाली. "विचारा तिले. वेणे, सांग, पडली ना तू?"

सगळ्यांचे डोळे वेणूकडं. मला वाटलं, आता ती 'हाव' म्हणेल. एवढे दिवस जे तोंड मिटून होतं ते आईसमोर कसं उघडेल? वेणूनं भुलाबाईकडं पाहिलं. मग आईकडं. आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा, खिरापत सांगायच्या त्याच खणखणीत आवाजात म्हणाली:

"पडली नाई मी. ठमी रडून राहिली होती म्हणून मायनं ठमीसाठी उलथनं तापवलं. मी हात मधात घातला."

ठमी आईच्या खांद्यावर मान टाकून अंगठा चोखत होती. तिच्या झबल्याला एक गाठ मारलेली होती, आणि त्या गाठीतून कालच्या खिरापतीचं बोरकूट, अर्धं, बाहेर डोकावत होतं.

आता सरूकाकू ओरडेल, वेणूला ओढेल, असं वाटून मी खांब धरला. ती ओरडली नाही. तिचे ओठ नुसते हलत होते. माय पायरी उतरून तिच्यासमोर गेली, अगदी जवळ, आणि मघाशी वेणूशी बोलली होती त्याच आवाजात बोलली.

"सरू, तू वाटी घेऊन आलती त्या दिवशी. तुले विरजण नव्हतं पाहिजे. मी मान वळवली, मले ओळखता नाई आलं." माय थांबली. "हरले मी, सरू. आता तू सांग."

बाजारपुऱ्याच्या टिपऱ्या गल्लीच्या तोंडाशी येऊन एकदम थांबल्या. पमीनं काहीतरी विचारलं, कोणीतरी तिला गप्प केलं. सरूकाकूनं आपला उजवा हात वर करून पाहिला, जसा तो दुसऱ्या कोणाचा असावा. मनगटाच्या वर तिथंही डाग होते, जुने, पांढरे पडलेले, तिच्या लहानपणचे. मग तिनं दोन्ही हातांनी ठमीला कडेवरून सोडवलं आणि मायपुढं धरलं.

"हिले धरा, कौसाताई," ती म्हणाली. "हेच सांगाले आलती मी त्या दिवशी. मले माह्या हाताचं भेव वाटते."